बोन्सायच्या हातघडणीच्या कुंड्या: खान्देशच्या उन्हात आणि जड पाण्यात

महाग बोन्साय कुंडीची पहिली खूण म्हणून परदेशी विक्रेता सांगतो ती थंडीची: बर्फ पडला तरी फुटणार नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला वाटतं, हा गुण आपल्याकडे फुकट गेला. इथे कुंडीत पाणी गोठत नाही. इथे कुंडीला लोणा लागतो. बोअरचं जड पाणी कुंडीच्या अंगात मुरतं, बाहेरच्या अंगाने उन्हात उडून जातं आणि त्यातले क्षार छिद्रांतच अडकून त्यांचे खडे बनतात. खडे वाढले की आतून ढकलतात. आधी पांढरा थर, मग खरबरीतपणा, मग पोपडे. जुन्या धाब्याच्या घराच्या भिंती खालून झिजतात, तीच ही गोष्ट. बर्फाने फुटणं आणि क्षाराने झिजणं या दोन्हींचं मूळ एकच आहे: कुंडीने पाणी पिणं. त्यामुळे बर्फाला टिकणारी कुंडी भुसावळलाही टिकते, फक्त कारण वेगळं. खान्देशात हजारो रुपये मोजून कुंडी घेताना रंग आणि कुंभाराचा शिक्का यांच्या आधी हाच प्रश्न विचारायचा, की ही पाणी किती पिते?

आधी झाड, मग कुंडी

बहुतेकांचा संग्रह दहा मध्यम कुंड्यांनी सुरू होतो आणि तिथेच अडकतो. त्या दहांच्या पैशात एक चांगली येते, आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक चांगलीलाच मिळतं. पहिली कुंडी आपल्याकडे असलेल्या झाडाच्या मापानेच घ्या. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश असावी आणि खोली बुंध्याच्या व्यासाएवढी. झाड उंचीपेक्षा पसरट असेल तर उंचीऐवजी पसारा मोजायचा. ४५ सेंमी उंचीच्या, ५ सेंमी बुंध्याच्या चिंचेला या हिशेबाने ३० सेंमी लांब आणि ५ सेंमी खोल कुंडी लागते. हा हिशेब दमट, सौम्य हवेतला आहे. आपल्याकडे खोली दीडपट धरा, म्हणजे ७ ते ८ सेंमी. दिसायला थोडी जड वाटेल, पण वैशाखात झाड हिरवं राहील.

१० सेंमीच्या आतल्या इवल्याशा 'मामे' कुंड्यांचा मोह फार होतो. पार्सलला हलक्या, कपाटात मावणाऱ्या, आणि नामवंत कुंभारांचं सगळ्यात बारीक काम त्यांच्यातच सापडतं. घ्या, पण काचेच्या कपाटासाठी. मेमध्ये त्यांतली माती दोन-तीन तासांत कोरडी पडते, दिवसभर पाणी घालत बसायला कोणालाच जमत नाही. झाडासाठीची पहिली कुंडी २५ ते ३५ सेंमीची असू द्या.

रंगाचा ढोबळ नियम असा: चिंच, वड, बाभूळ, शमी यांना बिनझिलईची तपकिरी किंवा काळपट कुंडी, आणि फुलाफळांच्या झाडांना झिलईची. राणी रंगाच्या बोगनवेलीला फिकट निळी किंवा साईच्या रंगाची उठून दिसते. लाल झिलईत तीच बोगनवेल हरवते.

माती आणि भट्टी

दोन नावं कायम कानावर पडतील. पहिलं तोकोनामे: जपानच्या आइची प्रांतातलं कुंभारगाव, जपानमधल्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एक. लोहयुक्त मातीची, बिनझिलईची लालसर-तपकिरी कुंडी ही त्याची ओळख. दुसरं यिशिंग: चीनच्या जिआंग्सू प्रांतातलं, जांभळट 'झिशा' मातीचं. चहाच्या किटल्यांनी जगभर गाजलेली माती हीच. यिशिंगहून जपानला गेलेल्या कुंड्यांना जपानी लोक काळानुसार नावं देतात. ढोबळमानाने मेइजी काळाच्या (१८६८–१९१२) मध्यापर्यंत आलेल्या त्या 'कोवातारी', त्यानंतरच्या 'नाकावातारी', आणि तैशो (१९१२–२६) ते शोवाच्या (१९२६–८९) सुरुवातीच्या त्या 'शिंतो'. कोवातारीचा भाव वयाला असतो, त्यामुळे खोटेपणाही तिथेच सर्वाधिक. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

क्योटोचा कुंभार हेइआन तोफुकुजी (१८९०–१९७०) हे छोट्या कुंड्यांमधलं सगळ्यात मोठं नाव. त्याच्या नावाच्या नकलाही तशाच अमाप. "तोफुकुजी, स्वस्तात" असं कोणी सांगितलं की तिथून उठायचं.

भाजणीचं तापमान महत्त्वाचं. साधी लाल मातीची कुंडी १,००० अंशांच्या आसपास भाजलेली असते आणि स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी सहज पिते. स्टोनवेअर १,२०० ते १,२८० अंशांना भाजतात. माती घट्ट होते, छिद्रं मिटतात. आपल्याला हवं ते हेच.

'हातघडण' या शब्दाची फोड

तोकोनामेच्या कितीतरी चांगल्या कुंड्या प्लास्टरच्या साच्यात ओली माती हाताने दाबून बनतात. ते कमीपणाचं नाही. काठ, पाय, कोरीव काम नंतर हातानेच होतं. पातळ माती साच्यात ओतून काढलेली कुंडी मात्र ओळखता आली पाहिजे, कारण तिला 'हँडमेड' म्हणून विकणारे भरपूर आहेत. ती उलटी करा. पाय पोकळ असतील, बाहेर फुगवटा तिथे आत बरोब्बर तेवढाच खळगा असेल, भिंतीची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी असेल आणि कोपऱ्यावर साच्याची बारीक शीर दिसेल, तर ती ओतीव आहे. पाट्या जोडून केलेल्या चौकोनी कुंडीत आतल्या कोपऱ्यांना मातीची वळी दाबल्याच्या खुणा असतात. चाकावरच्या गोल कुंडीत आत बोटांची चक्राकार वळणं.

हातात घेऊन तपासणी

आखाजीला घागर घेताना खान्देशात कोणीही न वाजवता घेत नाही. इथेही तसंच. कुंडी तळहातावर तोलून धरा, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने काठाच्या खाली टिचकी मारा. खणखणीत वाजली तर अंग सलग आहे. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. पसरट, जाड बुडाची कुंडी मुळातच कमी वाजते, म्हणून त्याच मापाची दुसरी शेजारी वाजवून तुलना करा.

केसासारखा तडा डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो. ओल्या फडक्याने कुंडी सगळीकडून पुसा आणि पाच-सात मिनिटं बघत राहा. अंग वाळत जातं, पण तड्याची रेघ शेवटपर्यंत गडद राहते. सगळ्यात जास्त पायाच्या मुळाशी, पाणी जायच्या भोकांच्या कडेला आणि काठाच्या वळणावर शोधा.

मग कुंडी काचेवर ठेवा. डुलते का? ३० सेंमीच्या कुंडीत एका पायाखाली पोस्टकार्ड सरकण्याइतकी फट हातकामात चालते, नाण्याइतकी चालत नाही. त्यानंतर भोकांवर बाहेरून बोट दाबून आत कपभर पाणी ओता आणि बोट काढा. भोकांच्या भोवती पाणी साचून राहिलं तर बूड भाजताना खाली बसलेलं आहे, तिथे मुळं कुजतील. ३० सेंमीच्या कुंडीला अडीच-तीन सेंमीची दोन भोकं आणि तारेसाठी चार बारीक भोकं असली पाहिजेत. भोक कमी म्हणून महाग कुंडीला ड्रिल लावू नका. फुटण्याची भीती आहेच, शिवाय न फुटताही किंमत पडते.

पाणी पिण्याची परीक्षा घरी होते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. कुंडी तीन दिवस कडक उन्हात वाळवा, तोला. २४ तास पाण्यात बुडवा, बाहेरून फडक्याने पुसून लगेच पुन्हा तोला. कोरडी २,४०० ग्रॅम आणि ओली २,४७२ ग्रॅम असेल, तर फरक ७२, म्हणजे ३ टक्के. ३ टक्क्यांपर्यंत निर्धास्त. ३ ते ६ मध्ये पाण्याची काळजी घेतली तर चालेल. त्यापुढची कुंडी कितीही देखणी असली तरी बोअरच्या पाण्याशी तिची गाठ घालू नये. लाखेने सांधलेली किंवा वर रंगकाम केलेली जुनी कुंडी मात्र या परीक्षेला बसवू नका.

शिक्का आणि नकली जुनेपणा

बुडावरचा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. बाप आणि मुलगा एकच शिक्का वापरतात, भट्टीचा एक आणि कुंभाराचा एक असे दोन असू शकतात, आणि शिक्का कोरून घ्यायला काही लागत नाही. बघायचं ते एवढंच, की तो ओल्या मातीत उठवलेला आहे का. ओल्या मातीतल्या शिक्क्याची कड किंचित गोलसर असते, दाबलेली माती बाजूला थोडी उचललेली असते. भाजल्यावर कोरलेला शिक्का धारदार, आतून खरबरीत, भिंगाखाली ओरखडे दाखवणारा.

जुन्या कुंडीवर वर्षानुवर्षांच्या पाण्याने आणि हाताळणीने जी मंद झळाळी चढते तिला जपानी संग्राहक 'जिदाइ' म्हणतात. भाव तिचा असतो. खोटी झळाळी बूटपॉलिश, चहा, तेल आणि मातीने चढवतात. ती सगळीकडे सारखी असते, पायांच्या आतल्या बाजूलाही, जिथे कधी हात पोचत नाही. खरी झळाळी असमान: काठावर आणि बाजूंवर जास्त, खाचांत कमी. शंका आली तर बुडाच्या कोपऱ्यात कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा. बोळा तपकिरी झाला तर उत्तर मिळालं.

डागडुजी ओळखायला नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च अंधाऱ्या खोलीत फिरवा. बरेचसे आधुनिक गोंद आणि रंग त्यात वेगळे चमकतात. सोन्याच्या रेघेची जपानी 'किंत्सुगी' उघड दिसणारी असते, ती लपवाछपवी नाही. पण तशी कुंडी कपाटात ठेवायची, रोज पाणी घालायला नाही.

परदेशातून मागवताना

विक्रेत्याकडून हे मागा: चारही बाजू, आतून, बुडाखालून, शिक्क्याचा जवळून, आणि तिरप्या उजेडात काठाचा, असे फोटो, शिवाय टिचकीच्या आवाजाचा छोटा व्हिडिओ. आढेवेढे घेतले तर कुंडी सोडा. लांबी-रुंदी-उंचीबरोबर आतलं माप आणि वजनही विचारा. जाहिरातीतलं माप बहुतेक वेळा काठाच्या बाहेरून घेतलेलं असतं, आणि रुंद काठाच्या कुंडीत आतली जागा ३ ते ४ सेंमीने कमी भरते.

सीमाशुल्क कुंडीच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, विमा आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागतं. जपानहून ३ किलोची कुंडी मागवली तर वाहतूक कधी कधी कुंडीच्या किमतीला जाऊन भिडते, आणि शुल्क त्या वाहतुकीवरही बसतं. बोली लावण्याआधी हा सगळा हिशेब कागदावर मांडा. कुरिअर कंपनी ओळखीची कागदपत्रं मागते, ती तयार ठेवा. बिलावर किंमत कमी लिहून पाठवायची तयारी विक्रेता दाखवेल, नको म्हणा. ते बेकायदा तर आहेच, शिवाय कुंडी फुटून आली तर विम्याचे पैसे त्या कमी किमतीवरच मिळतात.

वापरलेली कुंडी असेल तर ती घासून, धुऊन, वाळवूनच पाठवा असं आधी लेखी कळवा. भारतात माती आणण्यावर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने बंधन आहे, आणि भोकाच्या कडेला अडकलेली मूठभर मातीही पार्सल अडकवू शकते. जुन्या कुंडीची आयातीची कागदपत्रं फेकू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, आणि पुढे कधी परत विकायची झाली तर ती कुठून, कधी आली हे दाखवावं लागेल.

भारतात घडवून घेताना

पुदुच्चेरीत १९७१ साली सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीमुळे आपल्याकडे स्टोनवेअरची स्टुडिओ परंपरा रुजली, आणि आज अनेक शहरांत उंच तापमानाला भाजणारे कुंभार-कलावंत आहेत. त्यांतले बरेच जण बोन्साय वाढवत नाहीत, म्हणून काम सांगताना तुम्हीच काटेकोर व्हायचं. 'बोन्सायची कुंडी' एवढंच सांगितलं तर सुंदर, पण बोन्सायला न चालणारी फळांची परडी हातात येते.

मापं भाजल्यानंतरची आणि आतली सांगा. माती वाळताना-भाजताना १० ते १२ टक्के आकसते. तयार ३० सेंमी हवी तर कुंभाराला सुमारे ३४ सेंमीची घडवावी लागते. त्याचा हिशेब तो करेल, तुम्ही फक्त अर्धा सेंमी इकडेतिकडे चालेल हे कबूल करा. ३० सेंमीच्या कुंडीला भिंत ७ ते ८ मिमी, बूड ९ ते १० मिमी, पाय किमान १ सेंमी उंच. आतल्या बाजूला आणि बुडाला झिलई नको, मुळांना धरायला खरबरीत भिंत लागते. भोकं बुडाच्या सगळ्यात खोल जागी हवीत. झिलईचा नमुना तुकडा आधी बघा, आणि एकाऐवजी दोन कुंड्या घडवायला सांगा. पसरट चौकोनी कुंडी भट्टीत वाकडी होण्याचं प्रमाण मोठं असतं, आणि ती कुंभाराची चूक नसते.

झाड लावताना

महाग कुंड्या सगळ्यात जास्त फुटतात त्या झाडांमुळेच. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं जाड होत जातात आणि कुंडीला आतून फाकवतात. या झाडांना बाहेर उघडत जाणारी किंवा सरळ भिंतीची कुंडीच द्या. आत वळलेल्या काठाची, पोटफुगी कुंडी त्यांना दिली तर दोन वर्षांनी झाड बाहेर निघत नाही, आणि मग झाड कापायचं की कुंडी फोडायची, एवढंच ठरवायचं उरतं. या झाडांची मुळं दर एक-दोन वर्षांनी, पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की छाटा.

खान्देशासाठी सोयीची रीत अशी: वर्षभर झाड साध्या कुंडीत वाढवायचं आणि दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, प्रदर्शनांच्या मोसमात, चांगल्या कुंडीत हलवायचं. त्यासाठी दोन्ही कुंड्यांचं आतलं माप जवळपास सारखं हवं, म्हणजे मुळांचा गोळा न छाटता तसाच उचलता येतो. जपानमध्ये झाडाला कुंडी जुळवण्याला 'हाचि-आवासे' असा स्वतंत्र शब्दच आहे.

बांधायला १.५ ते २ मिमीची अॅल्युमिनियमची तार घ्या. लोखंडी तारेचा गंज बिनझिलईच्या मातीत उतरतो आणि निघत नाही. पक्कडने तार पिळताना भोकाच्या कडेचा टवका उडतो, म्हणून तारेखाली जाळीची घडी ठेवा.

पाणी, ऊन, डाग

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो, घ्याच. पावसाळ्यात धाब्यावरचं पाणी टाकीत साठवलं तर चार-दोन महाग कुंड्यांना पुरतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालायची सवय घराघरांत आहे. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, ते या कुंड्यांच्या जवळही आणू नका.

मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट लावा. गच्चीच्या स्लॅबवर थेट कुंडी ठेवू नका, दीड-दोन फूट उंच घोडीवर ठेवा, कारण स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. काळपट कुंडीला दुपारी हात लागत नसेल तर आतली मुळंही भाजत आहेत. पश्चिमेच्या बाजूला पांढरं सुती फडकं गुंडाळा. पाणी सकाळी आठच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर. तापलेल्या कुंडीवर माठातलं गार पाणी ओतल्याने धडधाकट कुंडी सहसा फुटत नाही, पण आधीच केस-तडा असेल तर तो तिथेच उघडतो.

नव्या, बिनझिलईच्या कुंडीवरच्या पांढऱ्या थरासाठी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. फडकं भिजवून दहा मिनिटं लावून ठेवा, मऊ टूथब्रशने घासा, भरपूर धुवा, मग तासभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर आत मुरलेलं आम्ल आणि क्षार पुन्हा बाहेर येतात. झिलईवर रंगवलेल्या कुंडीला व्हिनेगर लावायचं नाही, रंग जातो. संडास साफ करायचं ॲसिड कुठल्याच कुंडीला नको. झिलई मरते आणि मातीतलं लोह पिवळं फुटतं. जुन्या कुंडीवरचा थर जिदाइसकट निघतो, तेव्हा ती घासण्याआधी दहा वेळा विचार करा.

चमक यावी म्हणून खोबरेल चोळणारे पुष्कळ. उन्हाळी वावटळीची धूळ त्यावर बसून महिन्याभरात काळी चिकट पुटं चढतात. पाणी घातल्यावर जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने बाहेरून कोरडं पुसत राहा. पाच-सात वर्षांनी जे चढेल ते खरं.

ठेवण आणि नोंद

कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वीतभर वर, कारण कुंडीसोबत येणाऱ्या किरीच्या (हलक्या जपानी लाकडाच्या) मूळ खोक्याला वाळवी कुंडीइतका मान देत नाही. ते खोकं आणि त्यावरची कुंभाराची सही यांनी कुंडीची किंमत ठरते, तेव्हा खोकं वेगळं ठेवलं तरी त्यावर कुंडीचा क्रमांक लावा. एकात एक कुंडी ठेवायची तर मध्ये गोधडीचा तुकडा. वर्तमानपत्र नको, ओलसर कुंडीवर शाई उमटते. सरकीसकट कापूसही नको, तेलाचे डाग पडतात.

पार्सल करताना कुंडीचा भार पायांवर येऊ देऊ नका. पायांच्या मधली पोकळी फोमने भरून बूड टेकवा, मग दोन खोकी, दोन्हींच्या मध्ये ५ सेंमी फोम. केळीची वाळकी पानं बाहेरच्या खोक्यात भरायला उत्तम आणि आपल्याकडे फुकट, पण कुंडीला थेट लागली तर ओलीने तपकिरी डाग पडतो. आलेलं पार्सल उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून व्हिडिओ चालू ठेवा.

प्रत्येक कुंडीला वहीत एक पान: क्रमांक, कुंभार, गाव, शिक्क्याचा फोटो, आतलं-बाहेरचं माप, कोरडं वजन, पाणी पिण्याचा टक्का, दोष, किंमत, वाहतूक, शुल्क, तारीख. कोरडं वजन दर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, पुन्हा घ्या. कुंडी धुऊन-वाळवूनही वजन वाढलेलं दिसलं तर अंगात क्षार साठत आहेत; पावसाच्या पाण्यात तिला आठवडाभर बुडवा, पाणी रोज बदला आणि पुन्हा तोला.